पाकिटातली चाल

बँकेत कारकुनी करता करता मी बुद्धिबळाचा पंच झालो. खेळाडू म्हणून जिल्ह्याच्या पुढे मजल गेली नाही, पण पट काही सुटेना. मग वर्षभर रजा साठवायची आणि स्पर्धांना पंच म्हणून जायचं, असं वीस-बावीस वर्षं चाललं. त्यातली एक सकाळ अजून सलते. गाव आणि साल मुद्दाम सांगत नाही. ज्यांची ही गोष्ट आहे ते काका कधीच गेले, पण नातवंडं अजून खेळतात. १९८०च्या दशकातली नॅशनल बी होती आणि मी सहायक पंच होतो, एवढं पुरे.

नॅशनल बी म्हणजे जत्राच. राष्ट्रीय विजेता ठरायचा नॅशनल ए मध्ये. तिथे मोजकेच खेळाडू, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ. त्या मांडवात शिरायचं दार म्हणजे बी. देशभरातून पोरंटोरं, निवृत्त मास्तर, रेल्वेतले, बँकेतले असे सगळे होल्डॉल घेऊन येत आणि शाळेच्या वर्गांत गाद्या टाकून राहत. कॉम्प्युटर नव्हता. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड असे, त्यावर त्याचे गुण, आधीचे प्रतिस्पर्धी आणि मिळालेला रंग. रात्री जेवणं झाली की सतरंजीवर ती कार्डं पसरून आम्ही पुढच्या फेरीच्या जोड्या लावायचो. कितीही उकडलं तरी पंखा लावायची सोय नव्हती.

काका साठीच्या पुढचे. धोतर, काळा कोट, खिशात तपकिरीची डबी. वाड्यातल्या ओसरीवर देशी पद्धतीचा खेळ शिकलेले. म्हणजे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाणार, राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्यासारखी उडी मारता येणार, प्यादं ज्या घरात पोचेल त्या घराचं मोहरं होणार. प्याद्यानं मात केली की त्याचं कौतुक आठवडाभर. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे वेंकय्या संयुक्त विजेते ठरले, ती बातमी वाचून आपण आंतरराष्ट्रीय नियम शिकायला घेतले असं काका सांगत. तेव्हा चाली लिहायची पद्धत इंग्रजी पुस्तकांतली होती, वर्णनाची. पटाच्या उभ्या पट्ट्यांना मोहऱ्यांची नावं, आणि घरं ज्याने त्याने आपल्या बाजूने मोजायची. पांढऱ्याचं दुसरं घर ते काळ्याचं सातवं. काकांनी पंचवीसेक वर्षं तसंच लिहिलं.

१९८१पासून जागतिक संघटनेने ती पद्धत बंद केली. आता उभ्या पट्ट्यांना ए ते एच अक्षरं आणि आडव्या ओळींना १ ते ८ आकडे, आणि मोजायचं कायम पांढऱ्याच्या बाजूने. काका अक्षरं शिकले. आकड्यांशी मात्र त्यांचं जमलं नव्हतं.

हे मला ठाऊक होतं, आणि सलतंय ते नेमकं हेच. तिसऱ्या फेरीनंतर स्कोअरशीट गोळा करताना मी त्यांचा कागद पाहिला होता. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना पहिलीच चाल त्यांनी 'ई ४' लिहिली होती. पटावर प्यादं 'ई ५' वर होतं. मी मनात हसलो. वडीलधारा माणूस, डाव जिंकून आलेला, त्याला काय आकडे शिकवायचे? पंचाने त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी कागद गठ्ठ्यात घातला.

सातव्या फेरीत काकांची गाठ मद्रासच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाशी पडली. तो काळच तसा होता. मद्रासहून पोरं येत आणि चहाचा कप गार व्हायच्या आत डाव उरकत. त्यांच्यातलाच विश्वनाथन आनंद १९८६ साली राष्ट्रीय विजेता झाला, तोही वयाच्या सोळाव्या वर्षी. या मुलाचे वडील सोबत होते, थर्मास आणि नियमांचं पुस्तक घेऊन.

डाव पाच तास चालला. अडीच-अडीच तासांत चाळीस-चाळीस चाली झाल्या आणि निकाल लागला नाही, म्हणून डाव तहकूब. नव्या खेळाडूंना हे सांगावं लागतं, कारण ही पद्धतच आता गेली. ज्याची पाळी असेल त्याने पुढची चाल पटावर न खेळता कागदावर लिहायची. दोघांचे कागद पाकिटात घालून पाकीट बंद करायचं. पाकिटावर पटाची स्थिती, दोन्ही घड्याळांच्या वेळा आणि सह्या. रात्री दोन्ही बाजू डोकं फोडणार, सकाळी पंच पाकीट उघडून ती चाल पटावर खेळणार आणि समोरच्याचं घड्याळ सुरू करणार.

पांढऱ्याने ४१वी चाल खेळली. त्याचा हत्ती 'सी ७' वर घुसला होता, घोडा 'एफ ३' वर. काकांचा राजा 'ई ८' वर, उंट 'ई ६' वर आणि उरलेला एकुलता हत्ती 'डी ८' वर. समोर सगळी डी पट्टी मोकळी. हत्ती एक घर पुढे, 'डी ७' वर आणून मारामारी करायची, की डाव बरोबरीच्या वाटेला लागतो. हे तिथे चहा देणाऱ्या पोरालाही दिसलं असतं. काका कागदावर हात आडवा धरून लिहीत होते. मी पाकिटावर लाख लावली आणि ते रात्री उशाखाली घेऊन झोपलो.

सकाळी मुख्य पंचांनी मलाच पाकीट फोडायला लावलं. काकांच्या कागदावर ठसठशीत अक्षरात होतं: 'आर डी २'. आर म्हणजे रूक, आपला हत्ती.

जुन्या पद्धतीत ही चाल 'आर-क्यू २' अशी लिहिली असती. क्यू म्हणजे क्वीनची, वजिराची पट्टी, तीच नवी डी. काळ्याच्या बाजूने दुसरं घर, म्हणजे 'डी ७'. काकांनी क्यूचा डी केला होता आणि दोन तसाच ठेवला होता. पण पटावर 'डी २' हेही घर होतं. मधली घरं मोकळी, हत्ती तिथवर जाऊ शकत होता. चाल नियमात बसत होती, आणि 'एफ ३' वरचा घोडा तो हत्ती फुकट खाणार होता.

लिहिलेली चाल अशक्य असती किंवा तिचे दोन अर्थ निघाले असते तर काका तिथेच हरले असते. इथे अर्थ एकच होता, फक्त तो त्यांच्या मनातला नव्हता. मी मुख्य पंचांना कागद दाखवला. बघा, २२वी, ३१वी आणि ३८वी चालही यांनी आपल्या बाजूने मोजली आहे, यांना काय म्हणायचंय ते उघड आहे. ते महाराष्ट्राबाहेरचे गृहस्थ, शांत. त्यांनी सगळा कागद वरून खाली वाचला आणि म्हणाले, बाकीच्या चाली बरोबर लिहिल्या आहेत. मग ही कुठल्या पद्धतीची, हे तुम्ही ठरवणार की मी? मुलाचे वडील पुस्तक उघडून उभे होते, पण त्यांना एक शब्दही बोलावा लागला नाही.

त्या वेळी मला तो निर्णय कसायाचा वाटला. पुढे मी स्वतः मुख्य पंच झालो, आणि मीही तसाच दिला असता. पंच मनातलं वाचायला लागला की पाकिटाला अर्थच उरत नाही.

काकांना इंग्रजी तोडकंमोडकं समजे, म्हणून निर्णय मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी खाली बघत सांगितलं. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ धरला.

"हे माझंच अक्षर आहे," ते म्हणाले. "खेळा."

मी हत्ती उचलून 'डी २' वर ठेवला आणि मुलाचं घड्याळ चालू केलं. पोरगं दोन-तीन मिनिटं नुसतंच बसून राहिलं. एकदा काकांकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. मग घोड्याने हत्ती मारला. काकांनी राजा आडवा केला, हात पुढे केला, दोन्ही कागदांवर सह्या केल्या आणि तपकीर ओढत बाहेर गेले.

मी त्यांच्या मागे गेलो. तिसऱ्या फेरीचं सांगून टाकलं.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमच्या वयाकडे बघून, काका."

"माझं वय पटावर कुठल्या घरात बसतं हो?" एवढं म्हणून ते नळावर हात धुवायला गेले.

आमचे पट रेक्झिनचे होते, कडेला अक्षरं नाहीत की आकडे नाहीत. दुपारची फेरी सुरू व्हायच्या आत मी औषधाच्या दुकानातून चिकटपट्टीची रिळं आणली आणि दोन स्वयंसेवक पोरांना घेऊन पटांच्या कडांना पट्ट्या लावत, बॉलपेनने ए, बी, सी आणि १, २, ३ लिहीत बसलो. सगळे पट काही झाले नाहीत. पण काकांचा झाला. त्यांना पुन्हा काळीच मोहरी आली होती. येऊन बसले, पट्टीकडे पाहिलं, जवळच्या कडेवरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे माझ्या बाजूला आठ."

"हो काका."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि प्रतिस्पर्ध्याची वाट बघत बसले.