प्रश्नावली वर्गात नेण्याआधी : माझा अनुभव

सीमाभागातील मराठी माध्यमाच्या शाळांत आठवी ते दहावीत शिकणाऱ्या मुलांची मानसिक वेदना आणि त्यांच्या मनात येणारे आत्महत्येचे विचार यांचा परस्परसंबंध तपासणे, हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. विषय ऐकला की लोक निष्कर्ष विचारतात. पण अशा अभ्यासाला वर्गाच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठीच कोणकोणत्या परवानग्या मिळवाव्या लागतात, हे मला सुरुवातीला कोणी सांगितले नव्हते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे आणखी कोणी हे काम हाती घेणार असेल तर त्याच्या उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

मानसिक वेदनाच का मोजायची, हा प्रश्न मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत विचारला होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी १९९३ मध्ये असे मांडले की लाज, अपराधीपणा, अपमान, एकटेपणा, भीती यांचे मनात साचलेले दुखणे असह्य झाले की माणूस आत्महत्येकडे वळतो. नैराश्यासारख्या इतर गोष्टी धोका वाढवतात त्या या दुखण्याच्या वाटेनेच. हे दुखणे मोजण्यासाठी कॅनडातील रोनाल्ड होल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तेरा विधानांची मापनी प्रसिद्ध केली. पुढे २०१५ मध्ये डेव्हिड क्लोन्स्की आणि ॲलेक्सिस मे यांनी त्यात महत्त्वाची भर घातली : वेदनेला निराशेची जोड मिळाली की मरणाचे विचार येऊ लागतात, माणसांशी असलेली जोडणी त्या विचारांना बळावू देत नाही, आणि विचार कितीही तीव्र असला तरी तो कृतीत उतरणे ही वेगळी पायरी आहे. मला या मांडणीचे महत्त्व आमच्या भागामुळे अधिक वाटले. नैराश्याच्या नेहमीच्या मापन्यांत झोप, भूक, थकवा यांवर बरेच प्रश्न असतात. रोपलावणीच्या दिवसांत पहाटे शेतात राबून मग शाळेत येणारी खानापूर तालुक्यातील मुलगी थकलेलीच असते. तिच्या थकव्याच्या गुणांवरून तिच्या मनाबद्दल काय समजणार?

भाषांतर, उलट भाषांतर (मराठी मजकूर पुन्हा मूळ भाषेत आणून अर्थ ताडून पाहणे), तज्ज्ञांकडून तपासणी हे टप्पे कोणत्याही मापनीला चुकत नाहीत आणि ते यथावकाश पार पडले. खरी कसोटी लागली ती संस्थात्मक नैतिकता समितीपुढे, म्हणजे संशोधनात सहभागींना अपाय होणार नाही ना हे तपासून परवानगी देणाऱ्या समितीपुढे.

अभ्यासाचा पहिला आराखडा निनावी प्रश्नावलीचा होता, कारण नाव लिहायचे नसले की मुले मोकळेपणाने उत्तरे देतात असे मानले जाते. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी शांतपणे विचारले, “समजा, एखाद्या मुलाने ‘मला या आठवड्यात मरावेसे वाटले’ यापुढे होय अशी खूण केली. कागद निनावी आहे. त्या मुलाला तुम्ही शोधणार कसे?” यावर उत्तर नव्हते आणि असणेही शक्य नव्हते. नाव घेतले तर मूल खरे लिहीत नाही आणि नाव घेतले नाही तर खरे लिहिणाऱ्या मुलापर्यंत पोहोचता येत नाही, हा या विषयातील संशोधनाचा कायमचा पेच आहे. आम्ही काढलेला मार्ग असा : प्रश्नावलीवर केवळ सांकेतिक क्रमांक, क्रमांक आणि नावे जोडणारी यादी बंद पाकिटात, माझ्याकडे नव्हे तर त्या दिवशी शाळेत हजर राहणाऱ्या समुपदेशकांकडे, आणि आत्महत्येच्या विचारांविषयीची उत्तरे त्याच दिवशी, मुले शाळेत असतानाच तपासायची. होल्डन यांच्या मापनीत आत्महत्येविषयी थेट प्रश्न नाही, म्हणून तो स्वतंत्रपणे घ्यावा लागतो आणि तो घेतला की ही सगळी जबाबदारी आपोआप येते. उत्तर काळजी करण्यासारखे दिसले तर पाकीट उघडायचे आणि समुपदेशकांनी त्या मुलाशी एकट्याने बोलायचे. त्यातही एक काळजी घेतली. केवळ तेच मूल बाहेर बोलावले तर वर्गाला लगेच कळते. म्हणून काळजी नसलेल्या काही मुलांनाही वही-पेन घेऊन त्याच खोलीत बोलावायचे ठरले.

गुणांची एखादी सीमारेषा ठरवून तिच्यावरच्या मुलांनाच धोका आहे असे मानावे, असा सोपा पर्याय एका सदस्याने सुचवला होता. तो मी नम्रपणे नाकारला. जोसेफ फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये गेल्या पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा कोणताही एक घटक भविष्यातील आत्महत्येचे भाकीत नशिबाच्या कौलापेक्षा फारसे चांगले करू शकत नाही असे दिसले. मापनीचे गुण समूहाविषयी काही सांगतात; समोरच्या मुलाविषयी त्या मुलालाच विचारावे लागते.

संमतीचे प्रकरण कागदावर सोपे आणि गावात अवघड होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि बारा वर्षांवरील मुलाची स्वतःचीही लेखी संमती घ्यावी लागते. अनेक घरांत वडील कामासाठी गोव्यात किंवा पुण्यात असतात आणि मूल आजीजवळ राहते. तिथे सही कोणाची? समितीने आईची किंवा प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या पालकाची सही मान्य केली, वडिलांना फोनवर माहिती दिल्याची नोंद ठेवण्याच्या अटीवर. पालकसभेत एका आईने विचारले, “का ओ बाई, आमच्या पोरीला येडी समजलासा काय?” प्रश्न रास्त होता. सगळ्या वर्गाला तेच प्रश्न आहेत, कोणा एकीला निवडलेले नाही, हे तिला कागदापेक्षा बोलण्यातून पटले. तरीही काही पालकांनी सही केली नाही. माझा तर्क असा की ज्या घरांत ताण अधिक, तिथूनच नकार येण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायचे तीच मुले अभ्यासाबाहेर राहतात. ही उणीव प्रबंधात स्पष्टपणे लिहिण्यापलीकडे तिच्यावर उपाय सापडलेला नाही.

मुलांच्या संमतिपत्रात गुप्ततेच्या मर्यादाही लिहाव्या लागल्या. जिवाला धोका दिसला तर आम्ही मोठ्या माणसांना सांगू. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार ती कळवणे आम्हाला बंधनकारक आहे. हे आधी सांगितल्यामुळे काही मुले गप्प राहतील, हे आम्हाला ठाऊक होते. पण न सांगता विश्वास मिळवायचा आणि नंतर तो मोडायचा, यापेक्षा ते बरे.

शिक्षण खात्याची परवानगी कन्नडमधील अर्जावर मिळते. मराठी शाळेसाठी मराठी प्रश्नावली, तिचा कन्नड सारांश आणि समितीचे इंग्रजी पत्र अशी तीन भाषांची फाइल तयार करून ती खात्याच्या उपसंचालकांच्या कचेरीतून बीईओंकडे (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे) आणि तिथून शाळेकडे जाते. सारांश एका कन्नडभाषक शिक्षकमित्राकडून तपासून घेतला होता, त्यामुळे शंका कमी आल्या. वेळ गेला तो टेबलावरून टेबलावर. त्याबद्दल अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

मुख्याध्यापकांच्या शंका मात्र लिहिण्याजोग्या आहेत. एक सर म्हणाले, “मॅडम, विचारून विचारून मुलांच्या डोक्यात नको ते भरेल.” ही भीती सगळीकडेच आहे आणि ती तपासलीही गेली आहे. मॅडलिन गूल्ड यांच्या गटाने न्यूयॉर्क राज्यातील २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येविषयी प्रश्न विचारलेल्या मुलांत अस्वस्थता किंवा तसे विचार वाढलेले आढळले नाहीत. उलट जी मुले आधीच त्रासात होती त्यांना विचारल्याने अपाय झाला नाही, थोडा दिलासाच मिळाल्याचे दिसले. हे सांगितल्यावर सरांचा दुसरा प्रश्न आला : पोलीस केस होईल का? नुसता विचार मनात येणे हा गुन्हा कधीच नव्हता, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने तर प्रयत्न केलेली व्यक्तीही तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे. कायद्याचे ते पान मी फाइलमध्येच लावून ठेवले. अशा पानांचा उपयोग भाषणापेक्षा अधिक होतो.

मुलाला पुढे कोठे पाठवायचे, हे ठरल्याशिवाय समितीने अंतिम पत्र दिले नाही, आणि ते योग्यच होते. बेळगावच्या रुग्णालयातील मानसोपचार विभाग, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, किशोरवयीनांसाठीची स्नेहा क्लिनिक्स आणि गरज पडल्यास धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था अशी साखळी लिहून काढली. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील गावातून बेळगावला जायचे तर पालकांचा दिवस जातो आणि मजुरी बुडते, म्हणून पहिल्या भेटीच्या गाडीभाड्याची तरतूद अभ्यासाच्या खर्चात धरली. आणखी एक अडचण भाषेची : घाबरलेल्या मुलाला मराठीतच बोलता यावे, म्हणून मराठी जाणणारे समुपदेशक आधीच शोधून ठेवले. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तिथे भाषा निवडता येते. हा क्रमांक काळजीची खूण केलेल्याच नव्हे, तर प्रत्येक मुलाच्या हाती चिठ्ठीवर दिला.

दिवस निवडतानाही विचार करावा लागला. शनिवारी शाळा सकाळचीच असते आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्यामुळे शनिवार बाद. दहावीच्या परीक्षेआधीचे आणि निकालानंतरचे आठवडे बाद. सोमवार ते बुधवार, सकाळचे पहिले दोन तास, म्हणजे बोलायला दिवस आणि पुन्हा भेटायला आठवडा हाती राहतो.

पहिल्या शाळेत समुपदेशकांना पाकीट उघडावे लागले. त्या मुलांविषयी मी इथे काही लिहिणार नाही. एवढेच सांगते की ठरवलेली व्यवस्था चालली, पालकांना त्याच दिवशी बोलावले गेले आणि पुढच्या भेटीही झाल्या. समितीला त्याचा अहवाल नावांशिवाय पाठवला.

आता निपाणी तालुक्यातील शाळा उरल्या आहेत. तो भाग चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यात येत असल्याने तिथल्या उपसंचालकांकडे नव्याने कन्नड अर्ज करावा लागला आहे, आणि तिथल्या मुलांना कोणत्या रुग्णालयात पाठवायचे ती साखळीही नव्याने लिहावी लागत आहे.