डोकं साथ देत नाही तेव्हा: गोळ्या, गॅस आणि पाण्याची मोटार

थायरॉइड असो, मधुमेह, संधिवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) की कोविडनंतर न गेलेला थकवा. यांत डोक्यात धुकं भरल्यासारखं होऊ शकतं, सुचत नाही, लक्षात राहत नाही. त्यालाच ब्रेन फॉग म्हणतात. त्यात बऱ्याचदा आधी दगा देतं ते आत्ताचं ध्यान. वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचा मेनू आठवतो, सकाळची गोळी घेतली का ते आठवत नाही. म्हणून शब्दकोडी नि बदाम राहू द्या बाजूला. लक्षात ठेवायचं कामच डोक्याकडून काढून घ्या.

सुरुवात गोळ्यांपासून. सात दिवसांचा, सकाळ-दुपार-रात्र कप्प्यांचा डबा मेडिकलमध्ये मिळतो. आठवड्यातून एकदा, डोकं ताजं असताना, घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून भरायचा. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली. शंका आली म्हणून दुसरी घ्यायची नाही. संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज गेली तर रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. ती वेगळ्या डबीत ठेवा, वर वार ठळक लिहा. थायरॉइडची गोळी थायरॉक्सिन उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. लोह-कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी. हे अंतर चुकलं की गोळी नीट शोषली जात नाही, आणि माणूस ‘आजारच तसा’ म्हणत बसतो.

सगळं आजारावर ढकलू नये, ते यासाठीच. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. सर्दीच्या काही गोळ्या आणि नसांच्या दुखण्यावरची अ‍ॅमिट्रिप्टिलीन यांनीही डोकं जड होतं. हिमोग्लोबिन, बी१२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सोडियम तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकतात. मधुमेहात अचानक गोंधळल्यासारखं झालं तर आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची.

स्वयंपाकघरात शिट्ट्या मोजायच्या भरवशावर राहू नका, मोबाइलवर टायमर लावा. गॅस बंद केल्याशिवाय टायमर बंद करायचा नाही. ‘बघते दोन मिनिटांत’ म्हणून अलार्म दाबला की भांडं करपलंच समजा. अगदीच वाईट दिवसासाठी सोलापुरात सोय तयार आहे: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. गॅस पेटवायलाच नको.

पाणी इथं रोज येत नाही, त्यामुळे पाण्याचा दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवायचा. मोटार चालू केल्या केल्या अलार्म लावायचा आणि त्याला नाव द्यायचं, ‘मोटार बंद’. नुसता वाजला तर कशासाठी लावला तेच आठवत नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, घामाने पाणी कमी पडलं की डोकं आणखी मंदावतं. बँकेची, विम्याची कागदपत्रं सकाळी दहाच्या आत उरका. पाणी घोट-घोट पीत राहा. मात्र किडनी-हृदयाच्या रुग्णांनी डॉक्टरांनी घालून दिलेल्या मापातच.

एक फरक घरच्यांना माहीत हवाच. ब्रेन फॉग कमी-जास्त होत राहतो. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अचानक अडखळणं हा ब्रेन फॉग नव्हे. लगेच १०८ ला फोन करा, आणि माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या. उपचार त्यावरच ठरतो.