वाऱ्याचा एक दशांश

आज दिवसभर बालेवाडीच्या ट्रॅकवर. लॅपटॉप, लांबलचक केबल आणि वारा मोजायचं यंत्र. आमचं सॉफ्टवेअर आता रीडिंग थेट डिस्प्ले बोर्डावर टाकतं: १०० मीटरला पिस्तूल वाजल्यापासून १० सेकंदांचा वारा, लांब उडीला ५ सेकंदांचा.

सगळा जीव खाल्ला तो राउंडिंगने. नेहमीचा हिशोब इथे चालतच नाही. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २.०१ मीटर भरला तर नियमाने २.१ धरायचा आणि विक्रमाची मर्यादा २.०! एवढ्याशाने पोरांचा विक्रम जातो हो, म्हणून हा कोड दहादा तपासावासा वाटतो.

संध्याकाळी सरावाला आलेल्या एका मुलीने उडी मारली, बोर्डावर +१.४ झळकलं. तिच्या सरांनी आधी बोर्ड बघितला, मग टेप. फार बरं वाटलं.

उद्या २०० मीटर. तिथे पहिला धावपटू वळण संपवून सरळ पट्ट्यात शिरला की मोजणी सुरू करायची.