‘वेदनाशामक इंजेक्शन, ओपीडी’ : माझ्या मेडिक्लेमचा अनुभव

अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस या पाठीच्या कण्याच्या संधिवातासाठी पुण्यात इन्फ्लिक्सिमॅब हे शिरेतून द्यायचं औषध सुरू करायचं असेल आणि भिस्त मेडिक्लेमवर असेल, तर हे वाचाच. एमआरआय, या आजाराशी जोडलेल्या एचएलए-बी२७ जनुकाची रक्ततपासणी, संधिवाततज्ज्ञांची वेळ, सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं विमा कंपनीच्या क्लेम विभागात. त्याची चीड अजून गेलेली नाही.

कॅशलेस नाकारल्याचं पत्र एका ओळीचं होतं: वेदनाशामक इंजेक्शन, चोवीस तासांची भरती नाही, सबब अमान्य. फोन केला की दर वेळी नवा माणूस आणि तेच उत्तर, ‘मॅडम, सिस्टिमला ओपीडी दाखवतंय.’ सकाळी पाठ इतकी जखडलेली असायची की उठून बसायलाच वेळ लागायचा, आणि तशात हे ऐकायचं. वेदनाशामक गोळ्या पुरेनाशा झाल्या म्हणूनच तर हे औषध लिहून दिलं होतं!

शेवटी डॉक्टरांकडून नवं पत्र घेतलं. मूळ पत्रात फक्त निदान आणि डोस होता. नव्या पत्रात औषध शरीरात काय करतं तेही लिहून घेतलं, कारण सगळा वाद तिथेच होता. वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखतात. इन्फ्लिक्सिमॅब ही अँटिबॉडी आहे, ती टीएनएफ नावाच्या रेणूलाच धरून ठेवते. हा रेणू रोगप्रतिकारक पेशी निरोपासारखा सोडतात. १९७५ साली अमेरिकेत उंदरांमधल्या गाठी मारणारा घटक म्हणून त्याचं वर्णन झालं, म्हणून नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. पण बहुतेक पेशी हा निरोप मिळाल्यावर मरत नाहीत. त्यांच्यात एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन जागं होतं आणि दाह वाढवणारी जनुकं कामाला लागतात. जगवणारे संकेत कमी पडले तर कास्पेज-८ नावाचं एन्झाइम पेशीला आतून पद्धतशीर मोडतं. कास्पेज-८ही अडलेलं असेल, तर आरआयपीके-१, आरआयपीके-३ आणि एमएलकेएल या प्रथिनांच्या साखळीने पेशीचं आवरण फाटतं, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि शेजारी नवा दाह पेटतो. म्हणजे दाहातून पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींमुळे दाह वाढतो. नुसतं दुखणं दाबून हे चक्र थांबत नाही. डॉक्टरांनी मला हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा त्या एका ओळीच्या पत्राचा राग दुप्पट झाला.

दुसरा कागद म्हणजे विमा नियामक आयआरडीएआयची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं. त्यातल्या आधुनिक उपचारांच्या यादीत ‘इंजेक्शनने देण्याची मोनोक्लोनल अँटिबॉडी’ स्पष्ट आहे, आणि इन्फ्लिक्सिमॅब त्याच प्रकारातलं. तक्रार लेखी करा, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, आणि ती पोचल्याचा पुरावा ठेवा. फोनवरच्या बोलण्याचा पुढे काही उपयोग होत नाही. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं पुण्यातलं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. माझ्यावर ती वेळ आली नाही. लेखी तक्रारीत यादीतला तो मुद्दा आणि डॉक्टरांचं पत्र जोडल्यावर डे-केअर, म्हणजे चोवीस तास भरती न होता घ्यायचा उपचार, म्हणून मंजुरी आली. मेसेज वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

हो, टीबीची तपासणी आधीच उरकून घ्या. हाच टीएनएफ क्षयाच्या सुप्त जंतूंना पेशींच्या गाठीत कोंडून ठेवायला मदत करतो. तो अडवला की जंतू सुटू शकतात. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमध्ये क्षय उफाळल्याची नोंद झाली, तेव्हापासून याबाबत जास्त काळजी घेतात. छातीचा एक्स-रे आणि इग्रा ही रक्ततपासणी सांगतात. सुप्त टीबी निघाला तर आधी त्याची औषधं सुरू होतात आणि तारीख पुढे जाते. मंजुरीला मुदत असते, म्हणून हे आधी.

पॉलिसीत अशा उपचारांना वेगळी मर्यादा असू शकते, ती बघून ठेवा. पहिले तीन डोस शून्य, दोन आणि सहा आठवड्यांवर असतात. माझ्याकडे दुसऱ्या डोसला तेच पत्र पुन्हा मागितलं, म्हणून डॉक्टरांच्या पत्रात पूर्ण वेळापत्रक पहिल्यांदाच लिहून घ्या.