लिलावातली जीप

आज मावसभावाबरोबर एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. त्याने लिलावात घेतलेल्या जीपच्या इंजिन ब्लॉकला तडा आहे. बाहेरून वेल्डिंग करून वर रंग मारलेला. फिटरने रंग खरवडला तेव्हा दिसला.

साहेबांनी शांतपणे अटींच्या कागदावर बोट ठेवलं, ‘जसे आहे, जेथे आहे’, म्हणजे गाडी आहे त्या स्थितीत घ्यायची. पुढे बोलायलाच तयार नाहीत.

जुनी गाडी झिजलेली असणार, हे आम्हालाही कळतं. पण झिजणं वेगळं आणि झाकणं वेगळं! १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७ सांगतं, की माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं ही फसवणूक आहे. आणि सरकारी गाडीचं सगळं लिहिलेलं असतं हो, लॉगबुक असतं, दुरुस्तीची बिलं असतात. पाहणीच्या दिवशी बॅटरी उतरलेली म्हणून इंजिन सुरूच करू दिलं नव्हतं. मग खरेदीदाराने तपासायचं तरी काय?

ग्राहक आयोगाची वाटही सोपी नाही. चंदीगडच्या भूखंड लिलावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये लिलावातला खरेदीदार ग्राहक ठरत नाही असं म्हटलं होतं, तोच निकाल समोरून पुढे केला जाऊ शकतो. राहतं दिवाणी न्यायालय. भाजी वाहण्यासाठी गाडी घेणाऱ्या पोराने तिथे किती वर्षं खेटे घालायचे?

लिलावाच्या नोटिशीलाच दुरुस्तीचा इतिहास जोडा, एवढी साधी मागणी आहे. लेखी तक्रार देऊन आवक शिक्का घेतलाय. उद्या माहिती अधिकारात लॉगबुकच्या प्रती मागतोय. अशा प्रकरणात कुणी लढलं असेल तर कृपया कळवा.