वाणात मिळालेली पुस्तकं

संक्रांत झाली की मला सांगलीतल्या आमच्या महिला मंडळाचं हळदी-कुंकू आठवतं. रथसप्तमीच्या आधीचा रविवार ठरलेला. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या, दारात गुलाबदाणी, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर काकूंच्या दुकानातली पुस्तकं.

काकू दोन, जावा-जावा. धाकट्या काकूंचे यजमान गेल्यावर त्यांचं दुकान दोघींनी मिळून चालवायला घेतलं. जूनमध्ये गाइडं आणि वह्या विकायच्या, त्यातून सुटेल त्यावर वर्षभर कथा-कवितांची पुस्तकं ठेवायची. पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाऊन माल निवडायच्या. गठ्ठे मागून एसटीनं यायचे.

पूर्वी वाण म्हणजे प्लॅस्टिकच्या वाट्या. "त्यापेक्षा पुस्तकं लुटा की," हे मोठ्या काकूंनी सुचवलं. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. दुसऱ्या वर्षी मात्र "हे माझ्याकडं आहे, बदलून द्या" म्हणत बायकांनी टेबलाला गराडा घातला. खरा कार्यक्रम त्या अदलाबदलीतच रंगायचा.

धाकट्या काकू टेबलामागंच असायच्या. कुंकवाची कोयरी फिरत आली की गठ्ठ्याची सुतळी सोडायला खाली वाकायच्या. आम्ही मुली ते बघायचो आणि गप्प बसायचो. आजही वाईट वाटतं त्याचं.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. दुकानातल्या खालच्या फळ्यांवरच्या पुस्तकांचा लगदा झाला. वरची वाचली, पण ओल धरून फुगली. मंडळातल्या बायकांनी ती घरोघरी नेली, पानापानांत वर्तमानपत्र घालून पंख्याखाली वाळवली. आमच्या घरात कितीतरी दिवस गाळाचा वास होता. जानेवारीत काकू संकोचल्या, "असलं वाण कसं द्यायचं?" मंडळातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "कृष्णामाईनं हात लावलेलं वाण आहे, द्या की! आणि पैसे पुरते घ्या." माझ्या वाट्याचं पुस्तक अजून नीट मिटत नाही.

पुढं कोरोनानं खंड पडला. मे 2022 मध्ये शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दुकानात येणारी प्रत्येक बाई त्यावर बोलायची. धाकट्या काकू ऐकत पुस्तकं बांधून द्यायच्या.

2023 च्या हळदी-कुंकवाला मोठ्या काकू कोयरी घेऊन थेट टेबलामागं गेल्या. धाकट्या काकू या वेळी वाकल्या नाहीत.

"थांबा अक्का, एवढी पावती करते," म्हणाल्या. पावती फाडून दिली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कपाळ पुढं केलं.