पहाटे साडेपाचला मीटर लावला तेव्हा

निफाडची थंडी बाहेरच्यांना सांगून पटत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर आला की आमच्या गॅरेजचा फोन सकाळी सहालाच वाजायला लागतो. "मिस्तरी, सेल्फ मारतोय, पण गाडी घेत नाही." सेल्फ म्हणजे इंजिनला सुरुवातीचे फेरे देणारी मोटर. बहुतेक जुन्या डिझेल गाड्या. बरेचदा गार सिलिंडर तापवणारा हीटर प्लग गेलेला निघतो, नाहीतर बॅटरी, क्वचित डिझेल लाइनने एअर पकडलेली असते. हा हिशोब इतका अंगवळणी पडला होता की द्राक्षबागवाल्या अण्णांच्या गाडीलाही मी तोच लावला. महिना झाला, तरी ते डोक्यातून जात नाही.

अण्णांची गाडी बारा वर्षांची, सात सीटची, द्राक्षबागेत राबणारी. गेल्या हिवाळ्यात तक्रार आली तेव्हा मी बॅटरी बदलून दिली. यंदा दिवाळीनंतर पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजवाल्याने सेल्फ उघडून आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बदललं, मग चारही हीटर प्लग नवे टाकले. दुपारी गाडी पहिल्या चावीला सुरू. पहाटे मात्र ट्रॅक्टरने ओढल्याशिवाय हलायची नाही. शेवटी त्यांचा मुलगा एअर फिल्टर काढून पाइपच्या तोंडाशी पेटता बोळा धरायला लागला. हे त्याला कुणीतरी मिस्तरीनेच शिकवलं होतं. ज्याने शिकवलं त्याच्या हातात पान्हा देऊ नये. शेजारी डिझेलचा फिल्टर, वर प्लॅस्टिकचे पाइप, आणि आत ओढला जाणारा जाळ!

थंडीत सुरू न होणारी गाडी गॅरेजमध्ये येते ती ओढून सुरू करून, आठ-दहा किलोमीटर पळून. इंजिन तापलेलं, बॅटरी चार्ज झालेली. दुखणं घरीच राहिलेलं असतं. म्हणून मी अण्णांना म्हटलं, गाडी आणू नका, रात्री उघड्यावर उभी करा, मीच येतो.

साडेपाचला मळ्यात पोचलो. बागेत जागोजागी शेकोट्या, धूर वर न जाता वेलींवरच थांबलेला. घडांना थंडी बाधू नये म्हणून रात्रभर पाणी चालू ठेवून अण्णा जागेच होते. बॉनेटवर दव गोठल्यासारखं झालं होतं. व्होल्ट मोजायच्या मीटरने बॅटरी तपासली, १२.५ व्होल्ट. मुलाला हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून चावी मारायला सांगितली. इंजिन कण्हत कण्हत फिरलं. मीटरवर मात्र १०.४ व्होल्ट.

इथे मी थांबलो. बॅटरी मेलेली असती तर आकडा नऊच्या खाली गेला असता. सेल्फ जाम असता तर त्याने जास्त करंट ओढला असता आणि तरीही आकडा पडला असता. बॅटरी द्यायला तयार आहे, सेल्फला मिळत नाही. मग मधे कोण खातंय?

मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. पुन्हा चावी. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला २.८. म्हणजे १०.४ मधले जवळपास तीन व्होल्ट इंजिनाकडून बॅटरीकडे करंटच्या परतीच्या वाटेवरच जात होते. सेल्फला उरले साडेसात, आणि हीटर प्लगची अर्थिंग, म्हणजे परतीची वाटही, त्याच ब्लॉकवर, म्हणून नवे प्लगसुद्धा अर्धवट तापत होते.

दुपारी हेच नुकसान खपून जातं. ऑइल पातळ असतं, बॅटरी जोरात असते. पहाटे ऑइल घट्ट, बॅटरीची ताकद उतरलेली. डिझेलला तर ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. इंजिन सावकाश फिरलं की ती उष्णता सिलिंडरच्या गार भिंती पिऊन टाकतात.

जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं ब्लॉकला. म्हटलं, मार चावी. दोन फेऱ्यांत गाडी धडधडली, पांढरा धूर सोडला आणि लागली. अण्णा काही बोललेच नाहीत, नुसते बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

इंजिन आणि चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, यांच्यामधली करंट परत नेणारी अर्थिंगची पट्टी वरून ठणठणीत दिसत होती. बोल्ट काढला तर खाली रंगाचा थर. दोन वर्षांपूर्वी डेंटिंग-पेंटिंग झालं तेव्हा रंगाऱ्याने तिथेही फवारा मारला आणि त्यावरच पट्टी आवळली. पट्टीच्या तारा टोकाशी हिरव्या पडलेल्या, ओढताच निम्म्या हातात आल्या. अण्णा म्हणाले, "ॲक्सिलेटरची वायर पण वर्षात दोनदा जाम झाली, त्याचा काय संबंध असंल का?" संबंध होताच. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, पट्टीतून वाट मिळेना, म्हणून करंट ॲक्सिलेटरच्या केबलमधून धावत होता आणि ती आतून भाजत होती. दोन्ही वेळा केबल बदलणाऱ्याने जुनी केबल हातात घेऊन पाहिली असती, तरी हे तेव्हाच कळलं असतं.

लोखंड घासून पांढरं केलं, नवी पट्टी टाकली, ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं, ०.२. पट्टी दोनशे रुपयांची. त्याआधी या गाडीवर हजारो गेले होते, त्यात माझ्या बॅटरीचेही.

हात धुवायला विहिरीकडे गेलो तर ट्रॅक्टर उभा होता. त्यात मीच गेल्या वर्षी "गेली" म्हणून काढलेली बॅटरी. त्याच ट्रॅक्टरने रोज पहाटे ही गाडी ओढली जात होती. मी मीटर लावला, १२.४. मुलगा म्हणाला, "ती एकदम चांगली चालती."

मजुरी घेतली नाही. अण्णा आग्रह करत होते, त्यांना वाटलं मी मोठेपणा करतोय. बॅटरीचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. या रविवारी द्राक्षं न्यायला बोलावलंय, तेव्हा सांगणार आहे.